देव्हाऱ्यातला खिळा

माणूस कर्तृत्वाने मोठा होतो हे खरं. परंतु स्वतःच्या कर्तृत्वाला वेळ लागतो आणि आजोबांचं तयार मिळतं.

सोलापुरात तर ते मुबलक आहे. विलायतेच्या राणीच्या अमदानीत इथवर लोहमार्ग आला, तो आपल्याच आजोबांनी घातला असं सांगणारे लोक आम्ही एकदा मोजले. रुळांखालच्या दर सिलपाटामागे पावणेतीन आजोबा पडले. (पाऊण आजोबा बहुधा वैरागहून येऊन-जाऊन काम करीत असावेत.)

१९२८ साली रेल्वे कंपनीने रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची एक जागा काढली. जुन्या नोकरांच्या वंशजांना प्राधान्य; पुरावा लेखी हवा. अर्ज आले एकेचाळीस, त्यांत एक संगप्पाचा. मैंदर्गीच्या नागप्पांना आपली मुलगी शिवबाई रेल्वेवाल्यालाच द्यायची होती आणि संगप्पाला शिवबाईखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. आम्हाला त्याची खरोखर दया येई.

घरात पुरावा एकच होता. आजोबा रुद्रप्पांनी लोहमार्गावरून आणलेला खिळा, साठ वर्षं रोज भस्म लावून पूजलेला. संगप्पा तो फडक्यात बांधून कचेरीत गेला. तिथे आणखी सव्वीस जण आपापल्या देव्हाऱ्यातला खिळा घेऊन बसले होते. (इतके खिळे जाऊनही गाडी रुळांवर राहिली, यात कंपनीचं कौशल्य दिसतं.) कारकुनाने खिळे कंपनीची मालमत्ता म्हणून जमा करून घेतले आणि लेखी पुरावा मागितला.

संगप्पाने तीन आठवडे जुनी दप्तरं चाळली. बाकीच्या चाळीस आजोबांची नोंद वाळवीने खाल्ली की कंपनीने मुळात केलीच नव्हती, हे ठरवणं अवघड आहे. रुद्रप्पांचा कागद मात्र निघाला: 'रुद्रप्पा, हमाल. नोकरी चार दिवस. खिळा चोरताना सापडल्यावरून बडतर्फ.'

संगप्पा नक्कल घेऊन घरी आला आणि ती चुलीत घालायला निघाला. त्याच्या आईने, बसव्वाने, हात धरला.

"आजा चोर तर चोर. नोकरीवर हुता, हे सायबाच्या सहीनं लिवलंय न्हवं?"

कचेरीतल्या साहेबालाही हे पटलं. बडतर्फ व्हायला माणूस आधी नोकरीत असावा लागतो. संगप्पा सांधेवाला झाला, शिवबाई घरात आली. देव्हाऱ्यात आता खिळ्याच्या जागी बडतर्फीची नक्कल आहे. रोजचं भस्म तिलाच लागतं.

बाकीचे चाळीस जण आजही दप्तरात आपल्या आजोबांचा एखादा गुन्हा शोधत बसलेले असतात. वाचकांनी त्यांना हसू नये. आपल्या आजोबांचं नाव त्या दप्तरात नाही, म्हणून ते प्रामाणिक होते असं कुणी लिहून दिलेलं नाही. ते पकडले गेले नाहीत, एवढंच.