कॅप्टनच्या पंगतीला

आमच्या शेजारचे मयेकर काका कुत्र्याचं खाणं आधी स्वतः खाऊन बघतात. चुकून नव्हे. दुकानाच्या पायरीवरच पाकीट फोडतात, एक दाणा तोंडात टाकतात आणि डोळे मिटून चावतात. दुकानदार पहिल्यांदा घाबरला होता. आता तोच गिऱ्हाइकांना सांगतो, "जरा थांबा, चीफ चव घेतायत."

काका जन्मभर बोटीवर चीफ कुक होते, म्हणून रत्नागिरीतली आमची सगळी मांडवी त्यांना चीफ म्हणते. त्यांच्या कुत्र्याचं नाव कॅप्टन. तांबडा, गावठी, एक कान फाटलेला. "घरात हुकूम त्याचा. आपण काय, कुक," असं काका सांगतात. बोटीवरचे दोन नियम त्यांनी अजून सोडलेले नाहीत. कुकने चव घेतल्याशिवाय ताट बाहेर जायचं नाही. आणि पंक्तिप्रपंच करायचा नाही. जे कप्तानाच्या ताटात, तेच खलाशाच्या.

मी लांज्याकडची. शिकायला आत्याकडे राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यात केमिस्ट्री घेतलेली, त्यामुळे पोरीला सगळं कळतं असं आत्याने सगळीकडे सांगून ठेवलंय. मला सगळं कळत नाही. पण हे काकांना पटवणं कठीण.

यंदा पाऊस संपता संपता कॅप्टन मलूल झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की किडनी थकली आहे, मीठ बंद, आणि हे पाकिटातलं खाणं सुरू करा. काका पाकीट घेऊन थेट आमच्या ओटीवर आले.

"वाच गो. आत काय काय घातलंय?"

बारीक इंग्रजी अक्षरं लावत मी सांगितलं, "तांदूळ, मका, मांस आणि मांसाचे उपपदार्थ..."

"कोणाचं मांस?"

"प्राण्याचं, एवढंच लिहिलंय."

"प्राणी तर तुझी आत्यापण हाय."

"भावजी, मला ऐकू येतं हां!" आत्या आतून ओरडली.

उपपदार्थ म्हणजे काळीज, फुप्फुस, आतडी असं काहीबाही असावं, मी चाचरत म्हटलं. ते वाईटच असतं असं नाही, कुत्री आवडीने खातात. फक्त ते कोणाचं आणि किती ताजं, हे पाकिटावरून कळत नाही.

"मग काळीज असेल तर काळीज लिहावं. लाजायचं काय त्यात? मी बोटीच्या स्वयंपाकघरात, गॅलीच्या फळ्यावर 'आज मासा आणि माशाचे उपपदार्थ' असं लिहिलं असतं, तर खलाशांनी मला समुद्रात फेकला असता."

पाकिटावर फोन नंबर होता. काकांनी तिथल्या तिथे लावला, स्पीकरवर.

"मॅडम, रत्नागिरीहून बोलतोय. चीफ कुक. तुमच्याकडे चव कोण घेतं?"

"सर, हे प्रॉडक्ट डॉग्जसाठी आहे."

"ते ठाऊक हाय. तुम्ही खाल्लंत काय?"

पलीकडून 'सर, लाईनवर राहा' आणि संगीत सुरू झालं. काका ते बराच वेळ मन लावून ऐकत राहिले. "चव घ्यायला गेली असेल," ते मला हळूच म्हणाले.

ती परत आली आणि म्हणाली की प्रत्येक माल प्रयोगशाळेत तपासला जातो. काकांनी फोन ठेवला. "यंत्राला काय जीभ असते?"

मी धीर करून म्हटलं, "काका, मक्याला बुरशी लागली ना, तर तिचं विष जिभेला कळेलच असं नाही. ते यंत्रच पकडतं."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हणजे मी खाऊन उपयोग नाय?"

"पूर्ण नाही."

"बरं." पाकीट उचलत म्हणाले, "तरी चव घेणार."

पण कॅप्टनला बुरशी, काळीज, प्रयोगशाळा कशाशीच देणंघेणं नव्हतं. तो ताटलीचा वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाकिटातल्या खाण्यात थोडा भात आणि उकडलेला मासा कालवा, काटे काढून, मीठ-कांदा नको. खाल्लं तर वाचेल. काकांचं संध्याकाळी कोपऱ्यावर गप्पांना येणंच बंद झालं.

एका दुपारी आत्याने बांगड्याचं कालवण दिलं. "भावजींना नेऊन दे. कुत्र्याच्या मागे स्वतः जेवतायत की नाही, कोण जाणे."

मागच्या पडवीत काका मांडी घालून बसले होते. समोर कॅप्टन. दोघांच्या पुढ्यात सारख्या ताटल्या, दोन्हीत तोच पांढरा भात, तोच उकडलेला मासा, वर पाकिटातले चार दाणे. काकांनी घास घेतला, चावला, मान हलवली. मग कॅप्टनने तोंड खाली घातलं. काकांनी हात थांबवला, की तोही थांबायचा.

"काका, आत्याने कालवण दिलंय."

त्यांनी डबा उघडून नुसता वास घेतला आणि झाकण लावलं. "नको गो. तो अळणी खाणार आणि मी त्याच्यासमोर तिखट ओरपू? पंक्तिप्रपंच झाला." मग कॅप्टनकडेच बघत म्हणाले, "मी बोटीवर असायचो, तेव्हा आमची ही आणि तो, दोघंच जेवायची इथे. बंदरातून फोन केला की ही म्हणायची, ठेवा आता, कॅप्टन खोळंबलाय. ती गेल्यावर मी आपला टेबलावर जेवायला लागलो आणि त्याची ताटली ठेवली बाहेर. मला वाटलं, खाणंच वाईट हाय."

मी डबा हातात धरून उभीच.

"बसतेस?"

मी बसले. काकांनी तिसरी ताटली आणली. भात खरंच अगदी अळणी होता. ओठांवर आलं होतं की चिमूटभर मीठ द्या. पण कॅप्टन जेवायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

मी घास गिळला आणि मान हलवली.