चित्रांच्या प्रोग्रामची पाठराखीण

गोरखनं नवा कॉम्प्युटर आणला, जुन्यातला चित्रं काढायचा प्रोग्राम त्यात नांदायला पाठवला, आणि तो दुसऱ्याच सकाळी माघारी आला.

मोनाली केर काढत होती. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवला होता, त्याचा दिवा लागलेला तिला दिसला. चादर उचलली तर पडद्यावर हा, चौकट आवळून गप बसलेला. घरचं माणूस परत आलं म्हणून तिला आधी बरंच वाटलं. मग शिवन्याची आठवण झाली आणि तिनं हातातली केरसुणी खाली ठेवली.

शिवन्या, तिची दीड वर्षाची लेक. तिची दुपारची झोप त्या प्रोग्राममधून यायची.

गोरख घरीच फ्लेक्सची डिझाइनं करायचा. वाढदिवसाची, निवडीची, श्रद्धांजलीची. दुपारी तो जेवायला उठला की मोनाली शिवन्याला मांडीवर घेऊन त्याच्या खुर्चीत बसायची. चित्रांचा प्रोग्राम काही कुणी विकत आणलेला नव्हता, कॉम्प्युटरबरोबर आपसूक आलेला. त्यातला रंगाचा डबा उचलायचा, गडद निळा घ्यायचा आणि पडद्यावर कलता करायचा. निळा रंग काठापर्यंत भरत जायचा आणि तो भरता भरता शिवन्याचे डोळे मिटायचे. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, निळाच द्या, काळा देऊ नका, काळ्यानं पोर उशिरा उठतं.

माघारी आलेला जुना प्रोग्राम रुसून चौकटच उघडेना. नव्या कॉम्प्युटरमध्येही चित्रांचा प्रोग्राम होता. चांगला शिकलेला, ब्रश तर नाना तऱ्हेचे. पण त्याचा डबा कलता केला की निळा रंग काठाशी केसभर जागा सोडायचा आणि त्या फटीतून झोप गळायची. शिवन्या जरा पेंगायची की दचकून उठायची. गळलेली झोप टेबलाखाली साचायची. आत्याबाईंचा, म्हणजे मोनालीच्या सासूबाईंचा, तिथं पाय पडला तर त्या हातात ताट घेऊन उभ्या उभ्याच घोरल्या. मोनालीनं ती झोप फडक्यानं टिपून शिवन्याच्या उशाशी पिळून पाहिली. पण सांडलेली झोप लेकराला लागत नाही.

तेव्हापासून पोरीची दुपार कोरडीच जात होती. डोळे खोल गेलेले, खाल्लेलं अंगी लागेना. मोनाली सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघायची, मग स्वतःच्या, मग परत तिच्या.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इर्शादभाईंना बोलावलं. जुन्या प्रोग्रामला नव्या घरी त्यांनीच पोचवलं होतं. ते आले, चपला काढल्या आणि जुन्या कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसले.

"काय झालं? जागा कमी पडली का तिथं?"

पडद्यावर लहानशी पाटी आली. "जागा भरपूर आहे."

"मग? कुणी काही बोललं?"

"दारात विचारतात. दर खेपेला विचारतात. हा कोण, कुठनं आला, याला ओळखतं का कुणी."

"हे खरं आहे, वहिनी," इर्शादभाई मोनालीकडं वळून म्हणाले. "नव्याची पद्धतच तशी. परक्याला विचारल्याशिवाय आत घेत नाही. मी तुमच्या वतीनं हो म्हटलं होतं."

"मी जन्मापासून घरचा," पाटी आली. "तिथं मी परका."

"त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं?" गोरख दारातून म्हणाला. "मलापण बँकेत रोज विचारतात."

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पाठराखीण कोण दिली होती?"

गोरखनं इर्शादभाईंकडं पाहिलं, इर्शादभाईंनी गोरखकडं.

"म्हणजे एकट्यालाच धाडलंत! बाई असो का बाप्या, नव्या घरी पहिल्यांदा जाताना सोबतीला घरचं माणूस नको? मी या घरात आले तेव्हा माझी मावशी चुलीशी येऊन बसली होती. काही केलं नाही तिनं, काडी इकडची तिकडं केली नाही. पण ती होती तोवर मला कुणी टाकून बोललं नाही."

इर्शादभाईंनी कानाच्या पाळीला हात लावला. "चुकलं, आई. आमच्यातही पाठवतात कुणी ना कुणी. माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग पाठराखीण म्हणून कुणाला द्यायचं याचा विचार सुरू झाला. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हिशेबाचं यंत्र होतं, पण त्याला आकड्यांपलीकडं बोलता येत नव्हतं. पत्त्यांचा डाव होता.

"पत्ते कुटणाऱ्याला पाठराखणीला?" आत्याबाई म्हणाल्या. "लोक शेण घालतील तोंडात."

शेवटी राहिलं वाळूचं घड्याळ. काही उघडायला वेळ लागला की ते पडद्याच्या मधोमध येऊन उभं राहायचं आणि स्वतःला उलटं करायचं.

"याला काय येतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. नुसतं थांबायला लावतं," इर्शादभाई म्हणाले.

"हेच पाठवा."

इर्शादभाईंनी दोघांना एका पेनड्राइव्हमध्ये शेजारी शेजारी बसवलं. आत्याबाईंनी त्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. मोनालीला उगाच भरून आलं.

नव्या कॉम्प्युटरनं दारातच विचारलं, हा कोण. वाळूचं घड्याळ पुढं झालं आणि उलटं झालं. विचारणारा थांबला. घड्याळ परत उलटं झालं. तो आणखी थांबला, आणि थांबता थांबता आपल्याला काय विचारायचं होतं हेच विसरला. दोघं आत गेले.

त्यानंतर आत सगळंच सावकाश झालं. त्याच दुपारी गोरखला गावचे पुढारी आबासाहेब यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पोचवायचा होता, कारण वाढदिवस उद्या होता. आबासाहेबांचा चेहरा नाकापर्यंत उमटला होता आणि बाकीचा घड्याळानं अडवून धरला होता. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जुना प्रोग्राम चौकट उघडून बसला होता. मोनालीनं शिवन्याला मांडीवर घेतलं, डबा उचलला, निळा घेतला आणि कलता केला. रंग साईसारखा पसरू लागला.

"आई, ही पाठराखीण जाणार कधी?" गोरखनं विचारलं.

"तिला असं विचारत नाहीत."

"अगं, माझं गिऱ्हाईक जाईल! तीन बटणं दाबली की दोघंही बाहेर." त्यानं तिन्ही बटणांवर बोटं टेकवली.

मोनालीनं त्याच्याकडं बघितलं नाही. "दाबा," ती म्हणाली. "दाबून झालं की ही घ्या. तुम्ही झोपवा."

गोरखनं खाली पाहिलं. शिवन्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. निळा रंगही अर्ध्यावर आला होता. त्यानं एक बोट उचललं, मग दुसरं, मग तिसरं, आणि हात खिशात घातला.

रंग काठाशी पोचला. केसभर जागा अजून उरली होती. कॉम्प्युटरमधली सगळी चपळ मंडळी, तो ब्रशवाला नवा प्रोग्रामसुद्धा, बाजूला उभी राहून बघत होती. घड्याळ एकदा सावकाश उलटं झालं. निळा रंग फटीत शिरला आणि फट बुजली.

शिवन्याचं डोकं मोनालीच्या हातावर जड झालं. मोनालीनं तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता. थोड्या वेळानं तिनं परत धरलं. येत होता. बाहेर ऊन होतं आणि घरात तळ्याच्या तळाशी असतो तसा उजेड पडला होता.

फोन वाजला. गोरखनं झडप घालून उचलला. आबासाहेबांचा कार्यकर्ता तानाजी होता.

"झालं का डिझाइन? प्रेसवाला थांबलाय."

"नाही," गोरख कुजबुजला. "पोरगी झोपलीय."

तानाजीनंही आवाज उतरवला. "झोपली का? तुम्ही सांगत होता, झोपतच नाही म्हणून."

"आत्ताच लागलीय."

"थांबा हं, आबासाहेबांना विचारतो."

फोनवर पावलं वाजली, दार करकरलं, कुणीतरी कुणाला तरी हळू बोल म्हणालं. मग माइकवर बोलायची सवय असलेला एक जाड आवाज जमेल तेवढा बारीक होऊन आला.

"झोपू द्या लेकराला. मी परवा होतो पन्नाशीचा."

आणि ते खरंच परवा झाले. मधला दिवस ते एकोणपन्नासचेच होते.