वाकडतोंड्या पेल्याच्या जीर्णोद्धाराची हकीकत

श्री समुद्रनारायण प्रसन्न. राज्यात पूर्वी एक पेला होता, तो बुडाला आणि पुन्हा वर आला, कोणी पुसिले तर सांगावयास असावे म्हणोन लिहिले ते येणेप्रमाणे.

शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरी, समुद्रकाठच्या राज्यात राजांच्या चुलती दर्याबाईसाहेब यांची अन्नावरील वासना उडाली. वैद्य जाले, नवस जाले, मग राजे खासा उशाशी बसोन पुसते जाले, "काकीसाहेब, काय आणवू?" बाईसाहेब बोलिल्या, "माझ्या लग्नात वाकडतोंड्या पेला दिला होता, तो एकदा पाजा. त्यानंतर तोंडास गोड असे काही लागलेच नाही." बाईसाहेबांनी राजांस लहानाचे थोर केले होते, त्यामुळे हुकूम तत्काळ सुटला. आबदारखान्याचे, म्हणजे पाणी-शरबताच्या कोठीचे, कारभारी चापाजी आबदार यांस बोलाविले आणि आज्ञा केली जे, दसऱ्यास तोच पेला बाईसाहेबांच्या हाती पडावा. चव हुकली तर आबदारखाना दिवाणजींचे मेहुणे भानजी यांजकडे जाईल. भानजींस पाण्यात वाळा टाकण्यापलीकडे काही येत नव्हते, आणि ते शेजारीच उभे राहोन चापाजींच्या पगडीचे माप डोळ्यांनी घेत होते.

वाकडतोंड्या म्हणजे दक्षिण समुद्रातील बेटांवरोन आलेल्या तारवाने थोरल्या महाराजांस नजर केलेले मातीचे पेले. त्यांवर डोळे वटारलेला, दात विचकलेला तिकडचा देव कोरला होता, आणि तारवावरील खलाशांच्या तांडेलाने त्यांत तिकडचे पेय करोन दाखविले होते. या राज्याची रीत ऐसी जे, दरबारी काही नवे आले की प्रथम त्याचे मान वाटावे, मग ते काय आहे ते पाहावे. त्याप्रमाणे लिंबू पिळण्याचा मान देसायांस गेला, बदामाच्या शरबताचा सबनिसांस गेला आणि उसाची दारू ओतण्याचा मान सटवोजी धारेकर यांच्या आज्यास गेला. आणि प्रत्येकाने आपले माप आपल्या घरात झाकोन ठेविले. मग बाईसाहेबांच्या लग्नात पेला फिरला, परंतु आधी कोणी ओतावे यावरोन देसाई व सबनीस रुसले, आणि त्या रुसव्यात पेलाच बुडाला.

चापाजींनी आधी पेले धुंडिले. ते मुदपाकखान्यामागे पिंपळाखाली सापडले. आचारी मंडळी त्यांस शेंदूर फासोन दर अमावास्येस नारळ फोडीत होती. "जागृत आहेत, आबदार, हलवू नका," आचारी बोलिले. चापाजी बोलिले, "जागृत आहेत तर बरेच जाले. दसऱ्यापुरते दरबारात येऊ देत, नैवेद्य आतूनच भरू." मग देसायांकडे गेले, तो देसाई म्हणाले, "सबनीस आधी ओतणार असतील तर आमची लिंबे झाडावरच बरी." सबनिसांनी बदामाविषयी तेच सांगितले. चापाजींनी तोड काढिली जे, दोघांनी एकाच वेळी, एकमेकांकडे पाठ करोन ओतावे. आणि दोघांसही ते पसंत पडले, कारण तोंड पाहणे चुकत होते.

मग सटवोजींकडे गेले. सटवोजींनी गळ्यातील माळ पुढे धरिली. "आबदार, मी दारूस बोट लावणार नाही."

"मग मान सोडा, मी ओततो."

"मान कसा सोडीन? आज्याचा मान आहे! दुसऱ्याने ओतिली तर तुमच्या दारात अन्न टाकोन बसेन."

"मग ओतणार तरी काय? तुमची माळ?"

सटवोजी अंमळ विचार करोन बोलिले, "आज्याने वडिलांस आणि वडिलांनी मला आमसुलाच्या पाण्याचे माप शिकविले आहे. दारूचे कोणी शिकविले नाही. तेच ओतितो." चापाजींनी कपाळास हात लाविला, परंतु दुसरा उपाय नव्हता. मग ते आमसूल आणविले आणि त्यास काकवी घातली, घशास चटका बसावा म्हणोन आले घातले, वरोन जायफळ उगाळिले, आणि सोरा घातलेल्या पाण्यात ठेवोन गार करोन रोज चाखिले आणि रोज मान हलविली. इकडे थोरले सरदार मानाजी चावडीवर सांगत होते, "बाईसाहेबांच्या लग्नात दोन घोट घेतले आणि मी हत्तीस मामा म्हणालो! नशा नसेल तर तो वाकडतोंड्याच नव्हे, हे भर दरबारी सांगेन." भानजींनी नवी पगडी बांधावयास टाकिली.

दसऱ्यास दरबार भरला. देसाई आणि सबनीस पाठमोरे ओतिते जाले, निम्मे सतरंजीवर गेले. सटवोजींनी आमसूल ओतिले, आणि बेटाच्या चालीप्रमाणे चापाजींनी पेल्यात कागदाची इवलीशी छत्री खोचिली. छत्र दिसताच चोपदाराने ललकारी दिली आणि सारा दरबार पेल्यास मुजरा करोन उभा राहिला. बाईसाहेबांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. चापाजींनी पगडी उतरोन हाती धरिली, म्हणजे मागावयास कोणास श्रम नकोत. तो मानाजी उठोन, सटवोजींचे भांडे हुंगोन म्हणाले, "महाराज, यात दारू नाही! ही फसवणूक आहे!"

"मानाजी, बैस," बाईसाहेब डोळे न उघडता बोलिल्या. "लग्नातही नव्हती. या सटवोजीच्या आज्याने माझ्या चौरंगालगत खाली बसोन अख्खा बुधला रिचविला आणि मान जाऊ नये म्हणोन आमसुलाचे पाणी ओतिले. मी नवरी, मान खाली. मला तेवढेच दिसत होते. तू हत्तीस मामा म्हणालास तो कशाने रे?"

मानाजी भुईकडे पाहू लागले, आणि त्या लग्नात डुललेले सारे वृद्ध सरदार त्यांजबरोबर भुईकडे पाहू लागले. बाईसाहेबांनी पेला पालथा करोन दाखविला, दुसरा मागितला, आणि सोबत थोडा भात मागितला. राजांच्या डोळ्यांस पाणी आले. चापाजींनी पगडी पुन्हा घातली.

येणेप्रमाणे वाकडतोंड्याचा जीर्णोद्धार जाला. बाईसाहेब जेवू लागल्या, चापाजी कायम जाले, भानजींस छत्री खोचण्याचा मान मिळाला. पेला दर दसऱ्यास फिरू लागला, आणि त्यात दारू नाही हे सर्वांस ठाऊक जालियावरही दोन घोटांनंतर डुलण्याचा मान मानाजींच्या घराण्याकडे वंशपरंपरा चालत राहिला.