एक वीत दुकान

आमच्या लोहार पेठेत ज्या दिवशी दुकानाची बोहनी होत नाही, त्या दिवशी दिवेलागणीला ते दुकान एक बोट अरुंद होतं. ते बोट शेजारच्या दुकानाला मिळतं. शेजाऱ्याची त्या दिवशी बोहनी झालेली असावी लागते, एवढीच अट. दोन्ही शेजाऱ्यांची झाली असेल, तर एक दिवस डावीकडचा घेतो, एक दिवस उजवीकडचा. भिंती आपल्याआप सरकतात. आवाज होत नाही, फक्त थोडा चुना पडतो. तो ज्याचा त्यानं झाडायचा.

दुकान एका वितीच्या खाली गेलं, म्हणजे बारा बोटांपेक्षा कमी झालं, की नगरपरिषद ते यादीतून काढते आणि दोन्हीकडच्या भिंती मिटतात.

अक्काचं दुकान एकशे बारा बोटं रुंद होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शालन. ती कुकर दुरुस्त करायची. रिंग, शिट्टी, हँडल, सगळं. चौदा वर्षांत तिची बोहनी एक दिवस चुकली नाही. मी तिच्या हाताखाली होतो. मी घासायचो, ती बसवायची.

अक्का आठ दिवसांच्या तापात गेली.

सुतकात पेठ कुणाचं बोट घेत नाही. चौदाव्या दिवशी मी शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँकेतले एक साहेब. म्हणाले, "शालनताई काय सुंदर काम करायच्या हो."

मी म्हणालो, "मग तिच्याकडंच जावा." आणि त्यांचा कुकर रस्त्यावर फेकला. तीन लिटरचा होता. चौकापर्यंत गेला.

त्यानंतर कुणी कुकर आणला नाही. माणसं मात्र येत राहिली. अक्काला सगळी पेठ ओळखत होती, आसपासच्या नऊ गावांतल्या बायका ओळखत होत्या. त्या यायच्या, पायरीवर टेकायच्या, "फार वाईट झालं रे धना" म्हणायच्या, पदरानं डोळे पुसायच्या आणि उठायच्या. समाचाराला आलेलं माणूस रिकाम्या हातानं येतं आणि जाताना "येतो" म्हणत नाही. तशी रीत आहे. मेलेल्या माणसाच्या दारात कुकरची रिंग मागायची कशी, म्हणून कुणी मागितली नाही. दिवसाला तीस-चाळीस माणसं यायची आणि संध्याकाळी एक बोट जायचं.

शंभर दिवसांत शंभर बोटं गेली. पन्नास डावीकडच्या हमीदाचाचींच्या बांगड्यांच्या दुकानाला मिळाली, पन्नास उजवीकडच्या नितेशच्या मोबाईल दुकानाला. आमच्या पाटीवरची अक्षरं बारीक होत होत उभ्या काड्यांसारखी झाली. मान वाकडी केली की अजून वाचता यायची. मी आडवा होऊन आत शिरायचो आणि ज्या कुशीवर शिरलो त्याच कुशीवर दिवसभर उभा राहायचो. तोंड हमीदाचाचींच्या भिंतीकडे करायचो, कारण पाठ नितेशला दिलेली बरी वाटायची.

नितेश वाईट नव्हता. रोज सकाळी यायचा, "भावा, तुझं दुःख लय मोठं हाय" म्हणायचा आणि बोलता बोलता टेपनं भिंत मोजायचा. त्यानं काचेचा काऊंटर सांगून ठेवला होता.

"किती इंचाचा सांगू तेवढं बोल फक्त," तो म्हणायचा. "काच परत घेत न्हाईत रे."

चाचींचं वेगळं होतं. त्यांचं दुकान कोपऱ्यावरचं, त्यांना शेजारी एक मीच. मिळालेल्या पन्नास बोटांत त्यांनी काहीही ठेवलं नव्हतं. रोज झाडायच्या, पाणी शिंपडायच्या आणि तशीच मोकळी ठेवायच्या.

"मी घेतली नसती, तर त्या मोबाईलवाल्यानं शंभरच्या शंभर घेतली असती," त्या म्हणायच्या. "तुझीच हायत बेटा. पर तुझी बोहनी झाल्याबिगर देऊ कशी? कायदाच तसला."

एकशे एकाव्या दिवशी पेठेची तपासणी होती.

नगरपरिषदेची बाजारपेठ अवस्था समिती दरवर्षी येते. पेठ खालावत आहे की सुधारत आहे, हे तिनं ठरवायचं असतं. अर्जावर दोन चौकोन असतात आणि त्यातल्या एकात खूण करायची असते. समिती अकरा वर्षं येतेय, पण खूण अजून झालेली नाही. अडचण अशी की पेठेची लांबी कायम अकराशे चाळीस फूट भरते. एकाचं गेलेलं बोट दुसऱ्याकडे असतं. त्यामुळं समिती संध्याकाळपर्यंत मोजते, चहा घेते आणि समाचाराला आलेल्या माणसांसारखी काही न बोलता उठून जाते.

यंदा अध्यक्ष गवंडीसाहेब होते. अंगानं भरलेले. त्यांच्याबरोबर फायली धरलेला शिपाई तुकाराम आणि व्यापारी संघाचे शेटे होते.

"यंदा आम्ही लांबी मोजणार नाही," गवंडीसाहेब म्हणाले. "यंदा माणसं मोजली. आठ दिवस प्रत्येक दारात शिपाई बसवला होता. पेठेत सर्वात जास्त वर्दळ कुणाकडे आहे, माहीत आहे?"

"माझ्याकडं," शेटे म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान होतं.

"शालन कुकर सर्व्हिस. रोजची सरासरी अडतीस."

शेटे आमच्या फटीकडे बघत राहिले. "अहो, ते गिऱ्हाईक न्हवं. ती रडायला येतात."

"अर्जात रडण्याचा रकाना नाही."

"पण साहेब, सगळ्यात जास्त वर्दळ आणि सगळ्यात अरुंद दुकान. म्हणजे पेठ सुधारली का खालावली?"

"तेच ठरवायला आलोय." गवंडीसाहेबांनी फटीत तोंड घातलं. "दुकानदार कोण?"

"मी. धनाजी."

"बाहेर या."

"बाहेर आलो तर परत शिरताना वेळ लागतो," मी म्हणालो. "काय ते असंच विचारा."

दुकान आतून मोजावं असा नियम आहे. साहेब आत मावत नव्हते. दुकानदारानं स्वतःचं दुकान मोजायचं नसतं. शेवटी तुकारामनं सदरा काढला, श्वास सोडला आणि माझ्यामागून आत आला. त्यानं बोटं टेकवत मोजली.

"बारा, साहेब. बरोबर एक वीत."

"वैध आहे," गवंडीसाहेब म्हणाले. "आज बोहनी?"

"न्हाई."

"मग दिवेलागणीला अकरा होणार. आत्ताच लिहून ठेवा, तुकाराम, म्हणजे उद्या परत यायला नको. पेठ सुधारत असेल तर सुधारणेसाठी हे दुकान काढावं लागेल आणि खालावत असेल तर घसरण थांबवण्यासाठी."

नितेशनं मागून काचवाल्याला फोन लावला. मी त्याच्या भिंतीवर टाचेनं लाथ मारली. पलीकडं दोन मोबाईल पडल्याचा आवाज आला.

"बघा साहेब, ह्यो असा वागतो," नितेश म्हणाला. "गिऱ्हाईक येईल कसं?"

तेवढ्यात मालनकाकू आल्या. मालनकाकूंची एसटी स्टँडजवळ खानावळ आहे. त्या चौथ्यांदा येत होत्या आणि समाचाराला येत नव्हत्या. फळीवर त्यांचा पाच लिटरचा कुकर होता. अक्कानं शेवटी केलेलं काम ते. ताप अंगात असताना तिनं त्याची रिंग बदलली, शिट्टी बसवली आणि म्हणाली, "उद्या पाणी घालून बघू." अक्काचा नियम होता, शिट्टी ऐकल्याशिवाय कुकर द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. तेव्हापासून त्या कुकरला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मालनकाकूंना तिन्ही वेळा मी "झाला न्हाई" म्हणून परत पाठवलं होतं.

"धन्या," काकू फटीत वाकून म्हणाल्या, "आज मी कुकर घेऊनच जाणार."

"झाला न्हाई."

"तो कवाच झालाय. मला शालननं फोन केलेला. चार महिने पातेल्यात डाळ शिजवायले मी. एसटीचे ड्रायव्हर माझ्या डाळीला खडी म्हणतात. काल एकानं विचारलं, मावशी, ही रस्त्यावर पसरायची का ताटात?"

"दुसरा घ्या की कुकर."

"का म्हणून? माझा काय मेलाय व्हय?"

शेटे वर बघायला लागले. काकूंनी जीभ चावली, पण मागं घेतलं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "उद्या ह्ये दुकान अकरा बोटं हुईल. कुकर किती बोटांचा हाय?"

मला ते माहीत होतं. मी रोज मोजत होतो. कान सोडून साडेअकरा.

"म्हणजे उद्या त्यो भाईर येणार न्हाई," काकू म्हणाल्या. "भिंती मिटल्या की आतल्या आत चेपणार. तिनं बसवलेली शिट्टी चेपणार. त्ये चालंल तुला?"

मी फळीवरच्या कुकरला हात लावला.

"बेटा," पलीकडून चाचींचा आवाज आला. आता भिंत कानाला लागलेली असल्यामुळं सगळं ऐकू यायचं. "गॅस पेटव."

शेगडी मागच्या भिंतीला होती. मी फळीवरून कुकर काढला. तो डोक्यावरून न्यावा लागला. तांब्यानं पाणी घातलं, झाकण लावलं, शेगडीवर ठेवला. तुकाराम अजून आतच होता. मी शेगडीशी असताना त्याला बाहेर जाता येत होतं, पण तो थांबला.

"याला किती वेळ लागेल?" गवंडीसाहेबांनी विचारलं.

"शालनकडं सात मिनिटं लागायची," काकू म्हणाल्या.

समितीनं घड्याळ लावलं. पायरीवर समाचाराला आलेल्या तीन बायका होत्या, त्याही थांबल्या. सहाव्या मिनिटाला झाकण फुसफुसलं. मला वाटलं, वाजू नये. वाजली की अक्काचं काम संपलं. मी गॅसच्या बटणाकडं हात नेला.

तुकारामनं माझं मनगट धरलं. "राहू दे," तो हळू म्हणाला. "माझ्याही घरचा तिनंच केलेला."

शिट्टी वाजली.

दुकान एक वीत रुंद आणि चौदा फूट खोल असल्यामुळं ती शिट्टी भोंग्यासारखी निघाली. चौकातली रिक्षा थांबली. शेटेंच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन बघायला लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुकारामनं कागदावर "वाफ" अशी नोंद केली.

मी पाणी ओतलं, कुकर पुसला आणि कान वर करून उभा धरून बाहेर दिला. दोन्ही बाजूंना थोडा चुना लागला. मालनकाकूंनी ऐंशी रुपये दिले. अक्का पहिल्या नोटा कपाळाला लावायची. मला हात कपाळापर्यंत नेता येईना, म्हणून मी कपाळ हातापर्यंत नेलं.

"बोहनी झाली," तुकारामनं सांगितलं. "साक्षीदार मी."

"लिहा," गवंडीसाहेब म्हणाले.

मालनकाकूंनी कुकर कडेवर घेतला. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"येते रे, धन्या," त्या म्हणाल्या.

शंभर दिवसांत दुकानातून जाताना असं कुणी म्हणालं नव्हतं. पायरीवरच्या तीन बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यातली एक म्हणाली, "माझ्या कुकरचं हँडल लय दिवस हलतंय. आणू का?"

"फेकणार न्हाईस न्हवं?" दुसरीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "सध्या फेकायला हात मागं घेता येत न्हाई."

त्या दिवशी दिवेलागणीला भिंती हलल्या नाहीत. समितीनं चहा घेतला, दोन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि फाईल बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदाचाची दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसल्या. एक नवी नवरी आणि तिची सासू हिरव्या बांगड्या भरायला आल्या.

"आज मिळणार न्हाईत," चाची म्हणाल्या.

"अहो चाची, समोर एवढ्या दिसायल्यात की!"

"दिसू द्यात. आज मला बोहनी करायची न्हाई. पन्नास दिवसांनी या. तोवर शेटेंच्या शेजारी काकडेंकडं जावा, पर सांगतील त्या दराला घेऊ नका, निम्मा करा."

नितेश बाहेर आला. "चाची, धंदा बुडवताय व्हय?"

"तू तुझी काच बघ," चाची म्हणाल्या.

पण माझी बोहनी झाल्याशिवाय त्यांचं बोट माझ्याकडं येणार नव्हतं. हँडलवाली बाई अजून आली नव्हती. अकरा वाजले. मी कुशीवर उभा होतो. साडेअकराला गवंडीसाहेब आले. एकटेच. फाईल नव्हती. पिशवीत काहीतरी गोल होतं.

"समितीचं काय राहिलं का?" मी विचारलं.

"समितीचं नाही. हे खाजगी." त्यांनी पिशवी फटीतून आत सरकवली. "घरी वाफ धरत नाही. रिंग गेली असेल. शालनताई..." ते थांबले. माझ्याकडं बघितलं.

"सुंदर काम करायच्या," मी म्हणालो. "माहीत आहे. बघू दे."

रिंगच गेली होती. मी नवी घातली, पाणी भरलं, शिट्टी ऐकवली. सात नाही, नऊ मिनिटं लागली. साहेबांनी घड्याळ लावलं नव्हतं. त्यांनी पैसे दिले. मी कपाळ हातापर्यंत नेलं.

"येतो," गवंडीसाहेब म्हणाले आणि गेले.

दिवेलागणीला चाचींच्या बाजूनं थोडा चुना पडला. मी तो झाडला नाही. तसाच अंगावर घेऊन थोडा वेळ थांबलो. मग मी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळलो. आदल्या दिवशी वळता येत नव्हतं.