चिपचा गुरुवार

माझ्या कार्डाची चिप गुरुवारचा उपास करते. पट्टी करत नाही.

तासगावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुवारी मेडिकलवाला माझं कार्ड घेतो, उलटं करतो आणि पाठीवरची काळी पट्टी मशीनच्या खाचेतून ओढतो. एखादा नवखा दुकानदार चिप आत घालून बघतो. मग मशीनमधून चिठ्ठी येते, ‘आज उपास. पट्टी वापरा.’ तो पट्टी वापरतो. भांडण नाही, तंटा नाही. मी चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. उपासाची भाजणी दळायला आली की आधी जातं झाडायचं, पुसायचं, पहिलं पसाभर पीठ बाजूला काढायचं आणि मगच गिऱ्हाइकाचा डबा लावायचा. कोणाच्या उपासाला धक्का लावू नये एवढं मला कळतं. मी स्वतः करत नाही. घरात एकाने केला की पुरे.

चिपला हा उपास माझ्या बायकोने धरायला लावला. शालन तिचं नाव. कार्ड आलं त्या दिवशी तिने ते दत्ताच्या देवळात नेलं, तिथून परस्पर बँकेत गेली आणि अर्ज भरून आली. मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, तुमच्या गुडघ्यासाठी. गुडघा काही बरा झाला नाही. शालनला जाऊन तीन वर्षं झाली. चिपने अजून एक गुरुवार चुकवलेला नाही.

आम्हाला एकच मुलगी, राजश्री. सहा वर्षांपूर्वी ती परदेशात गेली. उत्तरेकडच्या थंड देशात एक बेट आहे, तिथे ती माशांचे आजार तपासते. मासे आजारी पडतात आणि ते तपासायचा पगार मिळतो, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आताही पटलेलं नाही. जायच्या दिवशी तिने पहाटे उठून थालीपिठं लावली. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, आजपासून तुझ्या हातचं खाणार नाही. बोललो ते बोललो. शालन गेली तेव्हा पोरगी बारा दिवस येऊन राहिली. बारा दिवस मी शेजारच्या मगदुमांकडून डबा आणवला.

यंदा तिचा फोन आला. लग्न करतेय, तिथल्याच माणसाशी, शुक्रवारी सकाळी अकराला. म्हटलं, कर. म्हणाली, या. म्हटलं, येत नाही. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या कागदांना लागलो. का, ते विचारू नका. तिला काही कळवलं नाही. ऐन अकराच्या ठोक्याला जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचं, असं माझं ठरलं होतं.

विमानाची आणि बसची तिकिटं भाच्याने इथूनच काढून दिली. बोटीचं म्हणाला, धक्क्यावर खिडकी आहे, तिथे कार्ड घाला. नोटा नेऊ नका, त्या देशात नोटा कोणी घेत नाही. भाच्याला गुरुवार आठवला नाही. मलाही नाही.

गुरुवारी दुपारी साडेबाराला मी धक्क्यावर उतरलो. पाच वाजता बोट होती. त्यानंतरची शुक्रवारी दुपारी दोनला, म्हणजे अक्षता पडून जेवणं झाल्यावर.

खिडकीत पन्नाशीची एक बाई बसली होती. तिला मराठी येत नव्हतं आणि मला मराठीशिवाय काही येत नाही. तिने आपला फोन काचेपाशी धरला. ती बोलायची आणि फोन मराठीत सांगायचा. मराठी चांगलं होतं, पण लग्नपत्रिकेसारखं.

तिने चिप आत घातली. चिठ्ठी आली. तिने चिठ्ठीचा फोटो काढून फोनला वाचायला लावली आणि मान हलवली.

“आपल्या चिपचा उपवास आहे,” फोन म्हणाला.

“आज गुरुवार.”

“होय. आमच्याकडेही गुरुवारच आहे.”

“मग उलटं करा आणि पट्टी ओढा. पट्टीला देवाधर्माचं काही नाही. ती बारा महिने खाते.”

बाईने मशीन उचलून मला चारही बाजूंनी दाखवलं. त्याला खाचच नव्हती.

“पट्टीला आम्ही दहा वर्षांपासून काही विचारत नाही,” फोन म्हणाला. “पट्टी कोणालाही सगळं सांगते. चिप फक्त विचारलेलं सांगते. क्षमस्व.”

“मग चिपलाच जरा दम द्या.”

“उपवास करणाऱ्या चिपवर बळजबरी करण्यास मनाई आहे. नियम चौदा.”

नियम बरोबर होता.

बाईने चष्मा लावला आणि एक जाड वही काढली. “आपली चिप फराळ करते काय?”

“करते. केळी, दूध, शेंगदाणे, बटाटा. मीठ सैंधव.”

मागे एक टपरी होती. बाई स्वतः बाहेर आली, माझ्याबरोबर टपरीपर्यंत चालली. मी दोन केळी घेतली आणि चिप घातली. पैसे गेले. बाईने घड्याळ बघून वहीत नोंद केली आणि आम्ही परत खिडकीवर आलो. एक केळं मी तिला दिलं. तिने ते घेतलं, पण खाल्लं नाही, पुरावा म्हणून बाजूला ठेवलं.

मग तिने बरेच मार्ग काढून पाहिले. बाई कामाची होती, आमच्याकडच्या खिडकीत अशी बसत नाही. बोटीतून केळ्याची पेटी न्यायचं भाडं वेगळं होतं, ते चिपने लगेच दिलं असतं. पेटीबरोबर एक माणूस राखण म्हणून जाऊ शकतो, असं वहीत होतं. बाईने मला केळ्यांचा राखणदार म्हणून लिहिलं आणि चिप घातली. चिठ्ठी आली, ‘आज उपास.’

बाईने कपाळावर हात मारला. “राखणदाराच्या तिकिटात माशाचं सार धरलेलं असतं.”

“मला नको ते सार.”

“आपण न घेण्यास मोकळे आहात. परंतु ते तिकिटात असतं.”

चिप बरोबर होती. भाजणीच्या डब्यात चिमूटभर गहू पडला तरी डबा बाद होतो.

मागे लाल जाकिटातला एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याने आपलं कार्ड पुढे केलं, मी भरतो म्हणाला. मी हात जोडले. लेकीच्या लग्नाला मी दुसऱ्याच्या पैशाने जाणार नाही. तसं फोनला सांगायला सांगितलं. फोनने ते फार गोड करून सांगितलं असावं, कारण तो माणूस माझा हात बराच वेळ हलवत राहिला.

एक वाजला. तासगावात तेव्हा साडेचार झाले होते. बाईने खिडकीतल्या टेलिफोनवरून आमच्या बँकेचा नंबर लावून दिला. बिडकर साहेब होते. ते शाखेत उपासाचं टेबल बघतात.

“बोला, हिंदुराव आप्पा. काय म्हणतोय परदेश?”

“परदेश काही म्हणत नाही. तुमची चिप अडून बसलीय. तिचा उपास सोडा.”

“असा कसा सोडता येईल? नवसाचा उपास आहे. नवस फिटला की आपोआप सुटतो.”

“गुडघ्याचा नवस आहे. गुडघा बरा झाला म्हणून लिहून टाका. मी सही करतो परत आल्यावर.”

“गुडघा?” कागद उलटल्याचा आवाज आला. “गुडघ्याचं इथे काही नाही, आप्पा.”

“मग काय आहे?”

“वाचून दाखवतो. अर्जदार, शालन हिंदुराव खोत. उपास करणार, चिप. वार, गुरुवार. कारण…” बिडकर थांबले. “कारण, ‘आमच्या ह्यांनी राजीच्या हातचं पोटभर जेवावं.’ खाली सही आहे. शिक्का आहे. पावती दिलेली आहे.”

खिडकीतली बाई पेन्सिलीला टोक काढत बसली.

“पोटभर लिहिलंय?” मी विचारलं.

“पोटभरच्या खाली रेघ आहे. एखादा घास खाऊन चालणार नाही, आप्पा. चिपला कळतं.”

“तुम्ही हे आधी सांगितलं नाही.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत. पाचला आमचं बंद होतं. अजून काही?”

काही नव्हतं. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. समोर बेट दिसत होतं. फार लांब नव्हतं, तासगावातून मणेराजुरी दिसावी इतकंच. उरलेलं केळं खाल्लं. दोन वाजेपर्यंत तिथे बसून राहिलो. मागच्या खुर्चीवर बसायचं राहिलं, आता ती खुर्ची रिकामीच राहणार होती. उद्या ती दाराकडे बघणार, कोणी येणार नाही आणि म्हणणार, आप्पांनी शब्द पाळला.

उठलो, खिडकीपाशी गेलो आणि राजीचा नंबर लिहिलेला कागद बाईसमोर धरला. तिने लावून दिला.

पलीकडून राजी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली.

“मराठीत बोल,” म्हटलं.

“आप्पा? हा नंबर तर इथला आहे. कुठून बोलताय?”

“धक्क्यावरून.”

“कुठल्या धक्क्यावरून?”

“तुझ्या बोटीच्या. जेवायला काय केलंयस?”

“तुम्ही तर येत नव्हता.”

“आलोय असं कुठे म्हटलं? अजून अलीकडेच आहे. चिप अडलीय. तुझ्या हातचं पोटभर खाल्ल्याशिवाय ती तिकीट काढत नाही. तुझ्या आईने बँकेत लिहून दिलंय.”

“लेखी?”

“शिक्क्यानिशी.”

“सव्वाचारला बोट तिकडे लागते,” राजी म्हणाली. “तिथून हलू नका.”

सव्वाचारला बोट लागली आणि राजी सगळ्यांच्या पुढे उतरली. बारीक झाली होती. एका हाताच्या मनगटापर्यंत पीठ तसंच होतं. पाया पडली, सरळ बाकड्यावर बसली आणि डबा उघडला. थालीपिठं होती.

“बसा. पाऊण तास आहे.”

मी पहिला तुकडा तोडला. बाई खिडकीचं दार लावून बाहेर आली आणि वही घेऊन थोड्या अंतरावर उभी राहिली.

“कशाचं पीठ?” मी विचारलं.

“इथली बार्ली, राय आणि चणाडाळ.”

“कोणी दळलं?”

“बेटावर गिरणी नाही. मिक्सरमध्ये काढलं.”

“जाड आहे. चाळलंही नाहीस. धने कच्चे राहिलेत.”

“खावा की गुमान.”

“खातोय ना. सांगतोय फक्त.”

दोन संपली. मी थांबलो. बाईने खिडकीत जाऊन चिप घातली, बाहेर येऊन मान हलवली.

“पोट भरलं नाही तुमचं,” राजी म्हणाली.

“भरलंय.”

“चिप खोटं बोलते का मग? घ्या. आणि ऐका, उद्यापासून तुम्हाला माझ्या घरचं पाणीसुद्धा चालणार नाही. लग्न झालेल्या लेकीकडचं नातवंड होईपर्यंत नको, हे तुमचंच ना? आजचा एक दिवस आहे. त्यातली पंचवीस मिनिटं उरलीत.”

तिसरं घेतलं. तिसऱ्याला लोणी जास्त होतं. चौथं मी मागून घेतलं. ते मागितलं तेव्हा राजी उठून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि रुमाल शोधायला लागली. मी बघितलं नाही, खात राहिलो. पाचवं अर्धं झालं तेव्हा मला ढेकर आला. बाईने घड्याळ बघितलं, वेळ लिहून घेतली आणि खिडकीत गेली.

तिकीट आलं. त्याच्या मागोमाग चिठ्ठी आली, ‘उपास सुटला.’ बाईने तिची एक प्रत आपल्या वहीला चिकटवली आणि मूळ मला दिली. मघाचं केळं तिने आता सोललं.

“अभिनंदन,” फोन म्हणाला. “आपण सहकुटुंब आगत्याने बोटीत बसावे.”

शुक्रवारी अकराला मी पुढच्या खुर्चीवर बसलो. नवरा मुलगा बरा आहे. उंच आहे, कमी बोलतो. लग्नानंतर मी तिथे चार दिवस राहिलो आणि चारही दिवस शेजारणीकडून डबा आणवला. राजी काही म्हणाली नाही. रिवाज तो रिवाज. पीठ मात्र मी रोज तिला चाळून दिलं.

परत येऊन आता महिना झाला. चिप गुरुवारीही खाते. पण गेल्या आठवड्यात मेडिकलवाल्याने सवयीने पट्टी ओढली आणि चिठ्ठी आली, ‘आज उपास. चिप वापरा.’ तो शनिवार होता. पट्टी आता शनिवार करते.

बँकेत गेलो. बिडकरांनी कागद काढला. अर्ज शालनचाच होता, तारीख त्याच दिवशीची. वर एका ओळीत लिहिलं होतं, पहिला फिटल्यावर लागू. बिडकरांनी चष्मा लावला, कारण वाचू का म्हणाले.

म्हटलं, राहू द्या. अडेल तेव्हा कळेल.

शनिवारी मी चिप घालतो.