कोड तपासणाऱ्या वहिनी

शहाद्याला लोणखेडा रस्त्यावर खताच्या दुकानाच्या वर तिघांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस होतं, आणि तिघांच्या तऱ्हा तीन होत्या. भाग्येश सगळा कोड एकाच ओळीत कोंबायचा. स्वप्नाली प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ओळ द्यायची. मालक कुंदन जिथे हात पडेल तिथे लिहायचा आणि तसंच सोडून चहाला जायचा. एकाने लावलेलं दुसरा उसकटायचा. प्रकाशा गावच्या केळी उत्पादक गटाच्या वेबसाइटवर केळीच्या भावाच्या जागी अध्यक्षांचा अर्धाच फोटो दिसू लागला, तेव्हा स्वप्नालीने हात जोडले.

"भाऊ, सर्वास्ना नियम एकच पाह्यजेत," ती म्हणाली. "एक जागावर लिखा, सर्व प्रोजेक्टले लावा. कोन चुकनं का लिंटर सांगी."

लिंटर म्हणजे कोड वाचून चुका दाखवणारा प्रोग्रॅम. त्याचे नियम आपण ठरवायचे आणि चूक झाल्यावर त्याने काय म्हणायचं तेही आपणच लिहायचं. कुंदनने ते काम आनंदाने घरी नेलं. घरी नेलेलं काम असलं की घर थोडं भरल्यासारखं वाटायचं.

कारण त्याची बायको चारुलता घरी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली लेक चार दिवसांत परत यावी, तर ही महिना उलटला तरी प्रकाशालाच होती. भांडण टॉवेलवरून झालं होतं. शहाद्याच्या उन्हात ओला टॉवेल पलंगावरही वाळतो, मग दोरीपर्यंत जायचं कशाला, असा कुंदनचा सिद्धांत होता. "मन्हा सांगाशिवाय घर आवरशात ना, तवय लेवाले या," असं सांगून ती गेली. प्रकाशा काही सातासमुद्रापलीकडे नाही, मोटरसायकलला किक मारली की आलं. पण आणायला जायचं तर आधी घर आवरायला हवं, आणि आवरायचं तर 'आवरा' म्हणणारं कोणी हवं. बिचारा तिथेच अडकला होता.

तर तो लिंटरचे नियम लिहायला बसला. पहिला नियम : एखादी गोष्ट कोडमध्ये आणून ठेवली आणि वापरलीच नाही, तर काय म्हणायचं? त्याच्या कानात आपोआप उमटलं, तसं त्याने लिहिलं, "वापरानं नव्हतं, मंग काढं कसाले?" एकच गोष्ट दोनदा आणली तर? "घरमा शे तेच आखो लई उनात?" ओळ बंद न करता उघडीच सोडली तर? "काम सरनं का झाकन लावानं, हाई कितला डाव सांगू?" तात्पुरत्या ओळी पुसायच्या राहिल्या तर? "पसारा आठेच टाकीसन कठे निंघनात?" लिहिता लिहिता त्याला हसू आलं. तिची आठवण येतेय हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी नियम सगळ्या प्रोजेक्टना लागले. भाग्येशने फाइल तपासायला टाकली आणि खुर्चीत ताठ झाला.

"भाऊ, हाई कोन बोली ऱ्हायनं?"

"लिंटर," कुंदन म्हणाला.

स्वप्नालीने वाकून वाचलं. "लिंटर कसानं? ह्या ते चारुलता वहिनी शेत."

झालं. त्या दिवसापासून ऑफिसात लिंटरला कोणी लिंटर म्हटलं नाही. "वहिनीस्नी पास करं का?", "वहिनी रागे भरन्यात", असंच चाललं. काम मात्र सुधारलं. भाग्येशने एकदा त्याच्या फाइलपुरता लिंटर गप करायची युक्ती केली, तर कधी आवाज न चढवणारा कुंदन उठून उभा राहिला. "तिले गप करानं नही. बोलनं नको वाटस ते काम सुधारा." वर त्याने अशी सोय करून घेतली की चूक असेल तर बोलणं कोपऱ्यात न येता सबंध पानभर लाल अक्षरांत यावं. म्हणजे कोणाला नजर चुकवायला नको.

त्या दोघांचा कोड आरशासारखा झाला आणि कुंदनचा बिघडत गेला. तो मुद्दाम बिघडवायचा. हळूच एक झाकण उघडं ठेवायचं, एक गोष्ट दोनदा आणायची, बटण दाबायचं आणि पानभर चारुलता वाचत बसायचं. मन भरलं की सगळं सुधारायचं. एके दिवशी सुधारायचं राहिलं.

नेमके त्याच दिवशी केळी गटाचे अध्यक्ष वेबसाइट बघायला आले. अध्यक्ष म्हणजे छगनमामा, कुंदनचे सासरे. पिशवीतून केळीची फणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, लेकीचा विषय दोघांनीही टाळला, आणि मामा चष्मा लावून पडद्यासमोर बसले.

केळी दिसलीच नाहीत. लाल अक्षरं दिसली. मामा बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले, "घरमा शे तेच आखो लई उनात?"

कुंदनने घाईने दुसरं पान उघडलं, तर त्यावर तीन. भाग्येश आणि स्वप्नालीला एकदमच चहा सांगायला जायची आठवण झाली.

मामांनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जवाईबुवा, ह्या गोष्टी तुमले कौसानी कवय सांग्यात?"

कौसाबाई म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊन दोन आखाज्या झाल्या होत्या.

"मामा, ह्या चारुन्या शेत," कुंदन खाली बघत म्हणाला.

"चारुले कठून येतीन? तिन्ही मायन्या शेत सर्व्या. आख्खा जलम ऐक्यात मी." मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "आखो शेत का?"

"चूक करी तवयच येतस, मामा."

"मंग करा ना चूक."

मालकाने ग्राहकासमोर ग्राहकाचीच वेबसाइट बिघडवायला घेतली. एकेक लाल ओळ उमटत होती आणि मामा मान हलवत होते. "हाई दिवाळीनी शे... हाई खळामा बोलनी व्हती," असं काय काय पुटपुटत होते. चहा आला, तो गार झाला.

"कौसा गयी तवयपासून मी घर आवरस," शेवटी ते म्हणाले. "कपडानी घडी, भांडं जागावर. ती इतलं सांगे, तवय मी ऐकं नही. आते सर्वं आवरेल शे, पन घर बोलत नही." मग उठता उठता, "चारु बी गप शे तठे. बोलाले काही सापडतच नही तिले. ऐतवारले लेवाले या. आवरीसन या."

कुंदनने शनिवारभर घर आवरलं. तीन टॉर्च, दोन इस्त्र्या आणि एकसारख्या चार पकडी निघाल्या. प्रत्येक वस्तू उचलताना त्याला लाल अक्षरं दिसत होती. रविवारी तो तिला घेऊन आला.

चारुलता दारात थांबली. पलंग पाहिला, दोरी पाहिली, कपाट उघडून पाहिलं. "बरं शे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दुपार गेली तरी दुसरा शब्द नाही. ती पाहुणीसारखी वावरत होती आणि हा पाहुण्यासारखा बसला होता. जिच्यासाठी जीव तळमळला ती समोर होती आणि घर पहिल्यापेक्षा रिकामं वाटत होतं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "उनी ना? बोलनी का काही?"

"नही मामा. बोलाले मी काही ठेवंच नही."

पलीकडे मामा खाकरले. "मंग टॉवेल टाका."

कुंदनने फोन कानाला तसाच ठेवून टॉवेल नळाखाली धरला, नीट निथळूही न देता पलंगावर पसरला, आणि दाराआड उभा राहिला. चारुलता कपड्यांच्या घड्या घेऊन आली. क्षणभर पाहत राहिली.

"आवरं का आवरं, आखो तेच? दोरी काय पाकिस्तानमा शे?" तिचा आवाज मोकळा सुटला. त्यातून ती टॉर्चवर गेली, इस्त्रीवर गेली, उघड्या राहणाऱ्या तेलाच्या डब्यावर गेली. कुंदनने फोन तिच्या दिशेला धरला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला फार बरं वाटत होतं.

फोनमधून बारीक आवाज आला. त्याने कानाला लावून ऐकलं.

"आते ती म्हनी, मन्हा मांगे कोन आवरी," मामा कुजबुजत होते.

"मन्हा मांगे कोन आवरी हाई सर्वं?" आतून चारुलता म्हणाली.

कुंदनने फोन पुन्हा तिकडे धरला. त्याआधी पलीकडचं तेवढं त्याच्या कानावर पडलंच.

"मी आवरं वं, कौसा," मामा म्हणत होते. "सर्वं आवरी लिन्हं."