फरशीला कान लावणारे दगडू मिस्त्री

दगडू मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग टोपी काढतात आणि मग सरळ जमिनीवर आडवे होतात. पाणी नाही, चहा नाही, 'बरं हाय का' नाही. गाल फरशीला, कान फरशीला, डोळे मिटलेले. पहिल्यांदा आमच्या हॉलमध्ये ते असे पसरले तेव्हा मला वाटलं, झालं, माणसाला फीट आली! मी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि त्यांच्या नाकाला लावला. मिस्त्रींनी एकच डोळा उघडला.

"वैनी, कांदा जेवताना द्या. आता चाला."

"कुठं चालू?"

"हितंच. ह्या भितीपासून त्या भितीपर्यंत. शेठ, तुमी बी चाला. चाला, समदे चाला!"

आणि काय सांगू, माजलगावात भांड्यांचं जुनं दुकान असलेली आम्ही मानाची माणसं, एका अनोळखी बाबाच्या डोक्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. हॉलमध्ये तेव्हा नुसता कोबा होता. तो कुठं पोकळ वाजतोय का, हे म्हणे ते ऐकत होते.

हे सगळं खूळ आमच्या ह्यांचं. पुण्याला मित्राकडं गेले, तिथल्या लाकडी फरशीवर अनवाणी चालले आणि वेड लागल्यासारखे परत आले. "अगं, पायाला कसं ऊबदार लागतं!" मी म्हटलं, माजलगावात पायाला ऊब हवी तर बारा वाजता गच्चीवर उभे राहा, फुकट मिळेल. पण हे ऐकतील तर कसले. नव्या घराच्या हॉलला आणि त्याला लागून असलेल्या खोलीला सागवानी फरशीच करायची, ठरलं म्हणजे ठरलं. आणि दिंद्रुडचे दगडू मिस्त्री पुण्यात आयुष्य घालवून, हेच काम करून गावी परत आले होते. नाव दगडू आणि काम लाकडाचं! मी हसले तर म्हणाले, "नाव आईनं ठिवलं, काम मी धरलं."

सागाच्या पट्ट्या आल्या. मला वाटलं, आता ठोकाठोक सुरू होईल. कसचं काय! मिस्त्रींनी त्या हॉलमध्ये आडव्या रचल्या, मधे मधे काठ्या घातल्या, वर पंखा लावला आणि निघाले.

"अहो, काम?"

"पाव्हणं आल्यात वैनी. लांबून आल्यात. तुमच्या घरची हवा त्यास्नी मानवू द्या. दम खाऊ द्या!"

त्या पाहुण्यांनी आमच्या हॉलमध्ये चांगला पंधरवडा काढला. लाईट जायची, इन्व्हर्टरवर एकच पंखा चालायचा आणि तो लाकडावर! हे आतल्या खोलीत घामानं निथळत पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे. मिस्त्रींचा रोज फोन. आमची चौकशी नाही हो, "पाव्हणं काय म्हंतेत?" शेजारणी विचारायच्या, कोण आलंय गं तुमच्याकडं? काय सांगणार, लाकूड आलंय?

मग एकदाची फरशी झाली. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अशी बसवली, की सुई जाणार नाही. फक्त भिंतीकडेला चारी बाजूंनी बोटभर जागा मोकळी. हे भडकले. "मिस्त्री, माप चुकलं तुमचं!" मिस्त्री त्याहून भडकले. "पावसाळ्यात लाकूड अंग पसरतं शेठ. त्यानं जावं कुठं? लाकूड हाय, दगड न्हाई!" मग ती फट वरून पट्टी मारून झाकली.

तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा मिस्त्री आपणहून येतात. बोलावणं नाही, मजुरी नाही. आले की आडवे. "चाला, समदे चाला!" कामवाल्या सुलाबाई हातातला झाडू टाकून चालतात, मुलगा महेश मोबाईल बघत चालतो, मी कणकेच्या हातानं चालते. मिस्त्री डोळे मिटून एकेकाला ओळखतात. "शेठ, डाव्या पायावर भार देईनात, कावून?" खरंच ह्यांच्या डाव्या पायाला भोवरी झालेली! आम्ही थक्क. पण दर वेळी काही खरं निघत नाही हं. एकदा म्हणाले, ह्या पट्टीखाली वाजतंय. पट्टी उखडली, खाली बघितलं, परत बसवली, तरी वाजतंयच. दुपारभर हा खेळ. शेवटी सुलाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, फरशी न्हाई, शेठचा गुडगा वाजतोय." तेव्हापासून गुडघ्याचा विषय काढला की मिस्त्री टोपी घालतात आणि निघतात.

असं सगळं झकास चाललं होतं. मग महेशचं लग्न ठरलं, आणि आष्टीहून ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का, महिनाभर आधीच मदतीला आल्या.

अक्का म्हणजे कामाला वाघीण. मी साड्या घ्यायला बीडला गेले होते. नेमका त्या दिवशी पाण्याचा टँकर आला, टाकी काठोकाठ भरली. अक्कांनी पदर खोचला. लग्नघर आणि फरशी धुतली नाही म्हणजे काय! बादल्याच्या बादल्या ओतल्या, खराट्यानं घासून काढली आणि पाणी तसंच थोडा वेळ तुंबवून ठेवलं, मळ भिजावा म्हणून. संध्याकाळी मी आले तर अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. "बघ कशी लखलखती!" ज्या गावात पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, तिथं माझी फरशी पाण्यात बुडाली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पन्हाळी पत्र्यासारखी झालेली. प्रत्येक पट्टीच्या कडा वर, मध्ये खोलगट. पाय ठेवला की कचकच. अक्का रडायला लागल्या, हे ओरडायला लागले आणि मी मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री आले. चपला काढल्या, टोपी काढली, आडवे झाले. आम्ही सवयीनं चालायला लागलो.

"नका चालू," मिस्त्री म्हणाले. "आज नका चालू."

त्यांचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ह्यांनी टाइल्सवाल्याला गाठलंच. तो म्हणाला, लाकूड उखडून चार दिवसांत चकाचक करून देतो. टाइल्सचे खोके अंगणात येऊनही पडले. शेवटी मी मध्ये पडले. भांड भांड भांडले आणि एवढं पदरात पाडून घेतलं, की देवकाची तयारी सुरू होईपर्यंत वाट बघायची. तोवर फरशी सपाट झाली तर ठीक, नाही तर टाइल्स.

"घासा की मग मशीननं वरच्या कडा!" हे म्हणाले.

"आज घासली तर वाळल्यावर हर पट्टीच्या मधी टेकाड येईल शेठ. रुसलेल्या माणसाला लगीच समजवाया जाऊ नई. दम खाऊ द्या."

आणि पहिला हुकूम सुटला, कूलर बंद! वैशाखात! लग्नघरात! "तुमचा कूलर म्हंजी पाण्याचा फवारा हाय. आपल्या बीडचं ऊन फुकटचं औषध हाय, ते आत येऊ द्या." दारं-खिडक्या सताड उघड्या, बाहेरून भट्टीसारख्या झळा, आणि आम्ही आत भाजून निघतोय. मानपान ठरवायला आलेले पाहुणे घाम पुसत पुसत एवढ्या लवकर उठायचे, की मानपानाचे वाद व्हायला वेळच उरला नाही. हा मिस्त्रींचा आमच्यावर उपकारच!

मिस्त्री रोज दिंद्रुडहून यायचे, आडवे व्हायचे, बोटानं टकटक करायचे आणि जाता-येता अंगणातल्या खोक्यांकडं बघायचे. चहाही अर्धाच प्यायचे. एकदा मीच म्हटलं, "मिस्त्री, एका फरशीसाठी एवढं कशाला जिवाला लावून घेता? पुण्यात किती केल्यात तुम्ही!"

"लई केल्या," ते म्हणाले. "पर तिथं आता मला कोन वर सोडतंय? मागं गेलतो, तर वॉचमन इचारतो, कोनाकडं जायचंय? काय सांगू, फरशीकडं? आपल्या मुलखात गिऱ्हाइकाची ही एकच हाय वैनी. हिच्यावर आडवं व्हायला मला कुनी आडवत न्हाई."

मी त्या दिवशी कपिलधारच्या बाजूला तोंड करून हात जोडले. म्हटलं देवा, सुनेला नंतर बघ, आधी फरशीचं बघ.

आणि बसली की हो! रोज थोडी थोडी खाली जात, देवकाच्या तीन दिवस आधी फरशी अशी सपाट झाली, की अक्कांनी त्यावर लिंबू ठेवून दाखवलं, जागचं हललं नाही. मिस्त्री लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले! ह्यांनी टाइल्सवाल्याला फोन केला, खोके परत ने म्हणून. मग मशीन आलं. घर्रर्र! वरचा थर घासला, सागाचा पिवळाधमक भुसा घरभर. पापण्यांवर भुसा, पोळ्यांत भुसा. हळदीच्या आधीच आम्ही सगळे पिवळे! वर पॉलिशचे हात चढले, त्याचा वास डोक्यात गेला, अख्खं लग्नघर मागच्या दारानं ये-जा करायला लागलं.

आणि नेमकं तेव्हा मिस्त्रींनी दुसरा हुकूम सोडला. "सूनबाई आल्यावर ते कुकवाच्या पान्यात पाय बुडवून चालणं, ते न्हाई हं. पॉलिश वाळलंय, मुरलं न्हाई. डाग बसंल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मिस्त्री! महिनाभर उकडून घेतलं, बोलले नाही. पण माझी सून लक्ष्मीच्या पावलानंच घरात येणार. मग काय उचलून आणू तिला?"

"उचलून आणा!"

"तुम्ही आणा उचलून!"

मिस्त्री टोपी घालून तरातरा निघून गेले. लग्नाला आले, जेवले, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

वरात दारात आली. मी मापटं भरून उंबऱ्यावर ठेवलं. पाण्याच्या बादलीनं सगळं घडवणाऱ्या अक्का आता दारात पहारेकरी. "थेंब सांडला तर बघा!" आणि गर्दीतून वाट काढत मिस्त्री आले. हातात ताट, ताटात लालभडक कुंकू.

"खोबरेल तेलात कालवलंय," माझ्याकडं न बघता म्हणाले. "पान्याचा थेंब न्हाई. घरी तसल्याच पट्टीवर पॉलिश मारून, पाय उठवून बघितलं. पुसलं जातंय."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. मी ताट घेतलं. पल्लवीनं मापटं ओलांडलं, ताटात पाय ठेवले आणि फरशीवर पहिलं पाऊल टाकलं. धप्प. दुसरं. धप्प. अक्का माझ्या कानाशी लागल्या. "अगं बाई, ही तर टाच आपटत चालती! लक्ष्मीनं का असं चालावं?" पल्लवीनं ऐकलं असावं. बिचारी चवड्यांवर चालायला लागली.

मिस्त्री कुठं गेले म्हणून मी शेजारच्या खोलीत डोकावले. नवं धोतर, नवा सदरा, आणि स्वारी फरशीवर आडवी, कान लावून.

"मिस्त्री, आज तरी! आज कसली पोकळी शोधताय?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वैनी, पोकळी कवाच मिटली. सूनबाई टाच आधी टेकवती. आमची मंडळी अशीच चालायची." मग म्हणाले, "मी पुण्यात, ती दिंद्रुडात. सारी उमर तशीच गेली. कायमचा आलो तवा म्हणलं, तुला बी लाकडाची एक खोली करतो, चाल त्याच्यावर. लई मिजाशीत चालायची. मी पडल्या पडल्या ऐकायचो. एकच उन्हाळा चालली. आता खोली हाय, पर चालतंय कोन?"

एवढी वर्षं हा माणूस मजुरी न घेता येत होता आणि आम्हाला वाटत होतं, हा फरशी तपासतोय!

"आवाज कावून थांबला?" त्यांनी विचारलं.

मी डोळे पुसले आणि हॉलमध्ये गेले. पल्लवी भिंतीशी अंग चोरून उभी होती. तिचा हात धरून मी म्हटलं, "अगं पोरी, चवड्यांवर कशाला चालतेस? हे तुझं घर आहे. टाच टेकवून चाल, जशी चालतेस तशी चाल." अक्का काही बोलणार होत्या, मी त्यांनाच पुढं ढकललं. ह्यांना म्हटलं, तुम्ही पण, गुडघा वाजला तर वाजू द्या. महेशला, सुलाबाईंना, जमलेल्या सगळ्या वऱ्हाडाला ओरडून सांगितलं, "बसायचं नाही कुणी! चाला, समदे चाला!"

आणि पल्लवी चालायला लागली.